माळ्यावरची भांडी व त्यांवरील नावे

गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाचे चिटणीस घरी आले आणि 'या वर्षीच्या स्मरणिकेसाठी घरात जतन करून ठेविलेल्या जुन्या वस्तूंविषयी काही लिहून द्या,' असे म्हणाले. प्रथम मी त्यांस नकारच दिला. आमचे घराणे काही सरदार-दरकदारांचे नव्हे. तलवार, सनद, जडावाचा अलंकार यांपैकी एकही वस्तू आमच्या घरी नाही. आजोबा मुंबईस एका पेढीवर कारकून, वडील शाळामास्तर आणि मी स्वतः रेल्वेच्या नोकरीत. अशा घरी पाहुण्याने थांबून पाहावे असे काय असणार? चिटणीस जावयास उठले. तोच त्यांची दृष्टी कोपऱ्यातील एका लहानशा तांब्याच्या कळशीवर गेली. 'हिच्या गळ्यावर काय लिहिले आहे?' असे त्यांनी विचारले आणि ते पुन्हा खाली बसले. पुढे तासभर जे बोलणे झाले, तेच येथे थोडे नीट मांडून लिहीत आहे.

घर पाहण्यासारखे कशाने होते, याविषयी प्रत्येकाची समजूत निराळी. कोणी काचेच्या कपाटात परदेशांतून आणलेल्या बाहुल्या मांडतात, कोणी भिंतीवर मोठमोठी चित्रे लावतात. माझ्या मते ज्या वस्तूकडे बोट दाखवून 'ही कोणाची?' असे विचारता येते, आणि त्या प्रश्नास घरातील कोणीतरी उत्तर देऊ शकते, ती वस्तू घराला घरपण देते. उत्तर देणारे माणूस गेले की तीच वस्तू अडगळ होते. आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत नेमके हेच घडत आले आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आपल्या ज्ञातीतील मध्यम स्थितीचे घर डोळ्यांसमोर आणावे. ओटीवर लंबकाचे घड्याळ, बहुधा जर्मन किंवा अमेरिकन बनावटीचे. भिंतीवर चित्रे. ती एक तर १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळा छापखान्याची असावयाची, नाहीतर १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची. लक्ष्मी आणि सरस्वती तर घरोघर असत. ही ओटीवरची शोभा पुरुषांची. घराची खरी पुंजी मात्र माजघरात व स्वयंपाकघराच्या माळ्यावर असे. तेथे घंगाळ, पाणी तापविण्याचा बंब, हंडे, कळशा, चरव्या, तपेली, पराती, वेळण्या, ओगराळी, सतेली, गडू, तांबे, फुलपात्रे आणि देवाची उपकरणी असत. लग्नकार्यात माळा रिकामा होई व कार्य उरकले की पुन्हा भरे. आमच्या घरी हे माळा उतरविण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. शिडीवरून एकेक भांडे खाली देताना आजी प्रत्येकाचे नाव घेई. 'ही पोर्णिमेच्या मुंजीतली परात, हा मामांकडचा हंडा.' आम्हांस तेव्हा ते निरर्थक वाटे. ती तोंडी यादी म्हणजे आमच्या कुटुंबाचा दप्तरखाना होता, हे कळावयास फार उशीर झाला.

ही भांडी इतकी वर्षे का टिकली, हेही पाहण्यासारखे आहे. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कासे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्याचा पत्रा लोखंडी खुंट्यावर धरून हातोडीने ठोकून त्याला आकार देणारे कारागीर आहेत. पेशवाईत त्यांचे पूर्वज कोकणातून येऊन तेथे वसले. आकार झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सबंध पृष्ठभागावर ओळीने ठोके देतात, त्यास मठारकाम म्हणतात. उजेडात चमकणाऱ्या त्या टिकल्या केवळ शोभेसाठी नसतात. ठोके बसून मऊ तांबे कठीण होते आणि भांडे पोचत नाही. कळशीचे पोट व गळा वेगवेगळे घडवून डाख देऊन सांधतात. जुन्या कळशीवर बोट फिरविले तर हा सांधा हाताला लागतो.

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हई. कल्हईवाला दारात खड्डा करून भाता लावी, भांडे तापवी, आत नवसागराची पूड टाकी, आणि पांढऱ्या धुराचा भपकारा उठला की कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळे पुसून घेई. कथील सुमारे २३२ अंश सेल्सियसला वितळते, तांब्याला १०८५ अंश लागतात. त्यामुळे आतून रुपेरी झिलई बसे, आणि भांड्याला काही होत नसे. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या कळशीस मात्र कल्हईची गरज नसे.

भांडे हे नुसते भांडे नव्हते, ती अडीअडचणीची ठेव होती. पितळ फुटले, चेपले तरी वजनाने त्याची मोड येई. सोने गहाण टाकावयाचे झाले तर गावभर बोभाटा होतो. हंडा मात्र रात्री पदराखाली नेऊन सावकाराकडे ठेविता येतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांच्या अंगावरचे रूप्याचे दागिने वितळण्यासाठी मुंबईच्या टाकसाळीपर्यंत पोहोचले, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. त्याच घरांतील भांडी कोणत्या बाजारात गेली याचा हिशेब कोणी ठेविला नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबे इतके दुर्मिळ झाले की १९४३ साली सरकारने पैशालाच भोक पाडले. तो भोकाचा पैसा पुष्कळांच्या संग्रही असेल. ज्या घरांनी या दोन्ही संकटांतून हंडे-कळशा वाचविल्या, त्यांनी त्या पुढे स्वस्ताईच्या दिवसांत स्टेनलेस स्टीलवर ओवाळून टाकाव्या, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे. पण त्याकडे मी येणारच आहे, कारण त्या पापात मीही वाटेकरी आहे.

आता नावांकडे वळू. भांड्यावर नाव घालण्याची चाल महाराष्ट्रात सर्व ज्ञातींत आहे. खरेदी झाली की दुकानातच एक माणूस लहान टोकदार छिन्नी व हातोडी घेऊन बसलेला असे. तो टिंबाटिंबांनी अक्षरे उमटवी. त्यात शुद्धलेखनाकडे फारसे लक्ष नसे. आमच्या एका परातीवर 'सप्रेम भेट' याऐवजी 'सपेम भेट' आहे, आणि घरात त्या परातीस तेच नाव पडले. नाव घालण्याचे पहिले कारण सरळ व्यवहाराचे होते. लग्नामुंजीत शेजाऱ्यांची, आप्तांची भांडी उसनी आणीत, आणि कार्यानंतर कोणाचे तपेले कोणते हे नावावाचून कळणार कसे?

मोठ्या कार्यासाठी ज्ञातीची सामाईक भांडीही असत. विशेषतः मुंबईत अनेक ज्ञातींनी वर्गणीने किंवा देणगीने मोठी तपेली, पराती, झारे जमवून ठेविले होते आणि ज्ञातिबंधूंच्या कार्यास ते मिळत. अशा भांड्यांवर देणगीदाराचे नाव असे. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण ज्ञातीत तट पडले की भांडणाचे पहिले कारण हीच भांडी होत. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनाने ज्ञातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी कोर्टांनी हात घालू नये असे ठरविले होते. परंतु भांडी ही मालमत्ता पडली, आणि तिच्यावरील हक्काचे कज्जे इंग्रजी अमदानीत कोर्टापर्यंत गेले. जेवणाच्या पंक्तीचा वाद न्यायाधीशापुढे तपेल्याच्या रूपाने जाई, असे म्हणावयास हरकत नाही.

नाव घालण्याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. मुलीबरोबर जे भांडे जाई ते तिचे स्त्रीधन. घरदार, शेत, दुकान यांत तिचा वाटा नव्हता. विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क १९३७ च्या कायद्याने मिळाला, हिंदू स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने, आणि मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली, सर्व देशभर २००५ साली. त्यापूर्वीच्या शेकडो वर्षांत, दागिने सोडले तर, 'हे माझे' असे म्हणण्याजोगी वस्तू बहुतेक बायकांजवळ एवढीच असे. दागिना मोडून पुन्हा घडवीत. भांडे मात्र होते तसे राही, आणि त्यावर टिंबांनी तिचे नाव असे.

हे नाव किती मोलाचे आहे, हे वंशावळी चाळताना कळते. आपल्या मंडळाने मोठ्या कष्टाने कुटुंबवार वंशावळी छापल्या. त्या कार्याविषयी मला आदरच आहे. पण त्या उघडून पाहाव्या. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. मुली कोठे गेल्या याचा पत्ता क्वचित, आणि आलेल्या सुनांचे नाव दिले असेल तर तेही सासरचे. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून वर त्यांत अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, आणि जन्मापासून पंधरा-वीस वर्षे जिला ज्या नावाने हाक मारली, ते नाव त्या क्षणी मागे पडते. तांदळातले ते अक्षर ताट उचलले की मोडते. नवे नाव मग पाहुण्यांच्या, पोस्टाच्या आणि रेशनकार्डाच्या तोंडी बसते. माहेरच्या नावास उरतो तो आईबापांनी बरोबर दिलेल्या तांब्याचा गळा.

इतके विवेचन केल्यावर त्या कळशीची हकीकत सांगितली पाहिजे.

१९७१ साली आजी वारली, १९७४ साली वडील गेले. माळ्यावरची भांडी उतरविणारे, घासणारे कोणी उरले नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत बंब आणि घंगाळ यांना जागा कोठून आणावी? शेजारी घरोघर स्टील येत होते. त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. गृहिणींचा त्यात दोष नाही. ज्यांनी कधी भांडे घासले नाही त्यांनी पितळेचे गुणगान गावे, हे मला पटत नाही. १९७९ च्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही अकरा भांडी पोत्यात घालून ठाण्याच्या बाजारात एका दुकानात नेली. दुकानदाराने ती वजन करून मोडीत घ्यावी आणि त्याबदली स्टीलचे डबे द्यावे, असा व्यवहार ठरला.

तराजूवर चढविण्यापूर्वी दुकानातील एक पोरगेला मदतनीस प्रत्येक भांडे उलटसुलट करून पाहत होता. कळशी हातात घेऊन त्याने गळ्यावरचे नाव मोठ्याने वाचले आणि सहज विचारले, 'काका, ही तुमच्या आजी का?'

मी 'नाही' म्हणालो. आजीचे सासरचे नाव मला ठाऊक होते आणि माहेरचेही. हे नाव या दोहोंपैकी नव्हते. तीन अक्षरे, खाली 'शके १८३६ वैशाख'. आमच्या घरात हे नाव कोणाचे, हे मला सांगता येईना. माझ्या घरच्या भांड्यावरचे नाव एका परक्या पोराने वाचावे आणि मी गप्प राहावे, याची मला लाज वाटली. कळशी मी परत पिशवीत टाकली. बाकीची दहा भांडी मोडीत गेली. त्यांवरची नावे मी वाचूनही घेतली नव्हती. त्या दहा भांड्यांवर काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

पुढच्या महिन्यात मी पुण्यास आत्याकडे गेलो. वडिलांहून ती दोन वर्षांनी वडील. नदीकाठच्या नारायण पेठेत तिचे बिऱ्हाड होते आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा तिच्या घरात पुरुषभर पाणी चढले होते. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, यजमानांच्या वह्या, फोटो, सारे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर वाड्यातील सर्व बिऱ्हाडांची भांडी एकाच चिखलाच्या ढिगात सापडली, आणि बायकांनी ती बादलीत बुचकळून, अंगठ्याने गळा पुसून, नावे वाचवाचून एकमेकींची एकमेकींस दिली. हे ती नेहमी सांगे. कागद बुडतो, तांबे बुडून वर निघते. इतिहास लिहिणाऱ्यांनी या भेदाचा विचार करावयास हवा.

कळशी तिच्यापुढे ठेविली तेव्हा तिने नाव वाचलेही नाही. हात फिरवून म्हणाली, 'अरे, ही पहिलीची.'

'कोण पहिली?'

'दादांची पहिली. आमच्या आईच्या आधीची.'

आजोबांचे लग्न दोनदा झाले होते, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळले. पहिले शके १८३६ च्या वैशाखात, म्हणजे १९१४ च्या एप्रिल-मेमध्ये. चार वर्षांनी, १९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या साथीत देशभर एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबईतून ती कोकणात पोहोचली तेव्हा गावाकडे असलेली ती मुलगी तीन दिवसांच्या तापाने गेली. मूल नव्हते. पुढल्या वर्षी आजोबांनी दुसरे लग्न केले, ती माझी आजी. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी नव्या सुनेस पहिलीचेच सासरचे नाव ठेविले.

येथेच सारा घोटाळा झाला. छापील वंशावळीत आजोबांपुढे एकच पत्नी आहे. नाव ते, जे दोघींचेही होते. विवाहाचा शक १८३६ दिला आहे, तो पहिलीचा. त्याखाली जी मुले दिली आहेत ती दुसरीची. माहिती देणाराने जाणूनबुजून काही लपविले असे नव्हे. जुन्या टिपणात शक मिळाला, घरात नाव मिळाले, आणि दोन्ही एकत्र लिहून टाकले. माझी आजी १९०५ च्या सुमारास जन्मलेली. त्या हिशेबाने तिचे लग्न नवव्या वर्षी झाले असे निघते, आणि त्या काळी ते अशक्य नसल्याने कोणाला शंकाही आली नाही. दोन बायका कागदावर मिळून एक झाल्या. त्यांना वेगळे करणारा पुरावा तांब्याच्या गळ्यावर होता, आणि मी तो वजनावर विकावयास काढला होता.

आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला एकदम लहानपणचे आठवले. ती कळशी वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली येई. भाद्रपद वद्य नवमीस, जिला अविधवा नवमी म्हणतात. सुवासिनीपणी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध त्या दिवशी करतात व सवाष्ण जेवू घालतात. आजी त्या दिवशी चिंचेने ती कळशी लखलखीत घासी, तिच्यातून पाणी भरी, आणि शेजारची कोणी सवाष्ण जेवावयास सांगे. कोणासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही, तिने सांगितले नाही. बावन्न वर्षे तिने हे केले. जिचे नाव तिला देण्यात आले होते, तिचे खरे नाव आजीला रोज दिसत असले पाहिजे.

महाराष्ट्रात जुनी साधने जमविणाऱ्यांची परंपरा थोर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतील रुमाल उलगडले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. साताऱ्यास पारसनिसांनी चित्रे, कागद, वस्तू यांचा संग्रह उभा केला, तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. या मोठ्या माणसांची दृष्टी स्वाभाविकच राज्यकारभाराकडे होती. स्वयंपाकघराच्या दाराशी जो थांबला तो दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा हा गृहस्थ (१८९६-१९९०) आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या, दौती, कुलपे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनास देऊन टाकले. पुण्यास जाल तेव्हा मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे. तेथील अडकित्त्यांचे कपाटच अर्धा तास खाईल.

तथापि संग्रहालयात गेलेली वस्तू सर्वांची होते, आणि सर्वांची झाली की कोणाची म्हणून राहत नाही. कपाटाबाहेर लिहिलेले असते, 'पितळ, एकोणिसावे शतक'. तिच्यातून कोणत्या दिवशी पाणी भरीत, हे घरानेच सांगावयाचे असते. अलीकडे जुनी घंगाळी उपाहारगृहांच्या दारात फुले ठेवावयास व हंडे दिव्यांच्या झुंबरासाठी चढ्या किमतीने जातात. काही विक्रेते नाव घासून पुसून टाकतात, कारण गिऱ्हाइकास दुसऱ्याचे नाव नको असते. आहेराच्या भांड्यांवर तर आता नावच घालीत नाहीत. घालावे तर तो आहेर पुढे दुसऱ्या लग्नात देता येत नाही! नाव न घालण्यामागचा हा हिशेब आमच्या आजीला मुळीच कळला नसता.

ज्यांच्या घरी अद्याप माळा आहे, किंवा गावच्या घरात कुलूपबंद पेटी आहे, त्यांच्या सोयीसाठी थोडे सांगतो. भांडे हाती लागले की प्रथम घासू नये. जोराने घासून आधीच झिजलेली टिंबे पार जातात. कोरड्या कापडाने पुसून अक्षरांवर बारीक रांगोळी किंवा तांदळाचे पीठ बोटाने चोळावे आणि वरचे फुंकून टाकावे. टिंबांत पांढरे राहते व अक्षर उठून दिसते. भांडे उजेडाकडे तिरके धरून फोटो घ्यावा. गळा, काठ, बूड आणि कड्यांच्या आतील बाजू, सर्व पाहावे. जुन्या भांड्यांवर क्वचित मोडी अक्षर असते. ते लागत नाही म्हणून टाकून देऊ नये, मंडळात मोडी वाचणारे दोघे वृद्ध सभासद आहेत. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवावे. महिना पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. नाव कोणाचे हे ठाऊक नसेल तर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस विचारावे, पुरुषास नव्हे. माझ्या वडिलांना ती कळशी कोणाची हे ठाऊक असावेसे वाटते, पण त्यांनी ते कधी सांगितले नाही, आणि मी त्यांना विचारले नाही.

कळशीवरचे ते तीन अक्षरी नाव मी या लेखात मुद्दामच दिलेले नाही. ते प्रथम त्याच्या जागी छापून यावे अशी माझी इच्छा आहे. वंशावळीच्या नव्या आवृत्तीचे काम चालू आहे. आमच्या शाखेच्या पानावर आजोबांपुढे दोन ओळी घालाव्या, पहिलीत ते नाव, शके १८३६ ते १८४०, आणि दुसरीत आजीचे माहेरचे व सासरचे नाव, शके १८४१ पासून, असे पत्र मी चिटणीसांस दिले आहे. त्यांनी कळशीचा फोटो मागितला, तोही दिला. इतर कुटुंबांकडून अशीच माहिती यावी म्हणून या अंकाच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. त्यात भांड्याचा प्रकार, धातू, जसेच्या तसे अक्षर, शक, कोणाकडून आले व आता कोणाकडे आहे, असे सहा रकाने आहेत. तो भरून भाद्रपदापूर्वी कार्यालयाकडे पाठवावा. अक्षर चुकीचे असले तरी सुधारू नये, 'सपेम' असेल तर 'सपेम'च लिहावे.